सासऱ्यांच्या पानातला बांगडा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं एकाच दुखण्याभोवतीची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. मी डॉक्टर नाही. वेंगुर्ल्यात चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि गेली नऊ वर्षं घरात कंपवात, म्हणजेच पार्किन्सन, बघते आहे, माझ्या यजमानांचा. या दोन्हींच्या आधाराने लिहिते. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. माझे सासरे ७१ वर्षांचे. सगळा जन्म होडीवर तांडेल म्हणून गेला. दोन वर्षांपासून उजवा हात थरथरतो, चालताना पाय घासटतात. कोल्हापूरला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पार्किन्सन सांगितला. कशामुळे झाला विचारलं तर "मेंदूत एक प्रोटीन साठतं" एवढंच बोलले, बाहेर रांग होती. घरी आल्यावर नणंदेने ठरवलं, प्रोटीन साठतं तर प्रोटीन बंद. मासे, अंडी, डाळ, कुळथाची पिठी, सगळं दीड महिना बंद आहे. पेज आणि भाजी देतो. वजन सहा किलो उतरलंय. काल पान बघून न जेवता उठले आणि पडवीत जाऊन बसले. आम्ही चुकतोय का? – एक सून, देवगड तालुका

उत्तर : वहिनी, तुमचं पत्र वाचून मी अंकाची वाट बघत बसले नाही, त्याच दिवशी तुम्हाला पोस्टकार्ड टाकलं. इथे लिहिते ते तुमच्यासारख्या दुसऱ्या घरांसाठी.

मासे सुरू करा. डाळ सुरू करा, पिठी सुरू करा. तुम्ही आणि नणंदेने मायेपोटी केलं हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं, पण पथ्य चुकीचं आहे. या दुखण्यात माणसाचं वजन तसंही उतरत असतं. त्यात जेवणातून प्रथिनं गेली की मांड्या-पोटऱ्या झिजतात आणि तोल सावरायला पायात बळ राहत नाही. असा माणूस न्हाणीघरात पडला, खुब्याचं हाड मोडलं, की मूळ दुखणं परवडलं म्हणायची वेळ येते.

घोटाळा एका शब्दाने केलाय. बांगड्यातलं ते प्रोटीन आणि मेंदूत साठतं तेही प्रोटीन. पण प्रोटीन हे काही एका वस्तूचं नाव नव्हे. मासा म्हटलं की त्यात मोरीही आली आणि तारलीही, तसं ते आहे. शरीरात हजारो प्रकारची प्रथिनं असतात. बांगडा खाल्ला की त्यातली प्रथिनं पोटात आणि आतड्यात तुटतात आणि त्यांची सुटी अमिनो आम्लं होतात. ही वीस प्रकारची असतात. वर्गात मी मुलींना सुरंगीच्या वळेसाराचं उदाहरण द्यायचे. दुसऱ्या कोणाचा वळेसार सोडवायचा, कळ्या सुट्या करायच्या आणि आपल्या दोऱ्यात आपल्याला हव्या त्या क्रमाने ओवायच्या. बांगड्याचा वळेसार अख्खा उठून तुमच्या सासऱ्यांच्या मेंदूत जाऊन बसत नाही.

साठतं त्या प्रथिनाचं नाव अल्फा-सिन्युक्लिन. ते मेंदूच्या पेशी स्वतःच घडवतात. चौथ्या गुणसूत्रावर त्याचं जनुक आहे, आणि १४० अमिनो आम्लं एका ठरलेल्या क्रमाने ओवली की ते तयार होतं. तुमच्या मेंदूत ते आहे, माझ्या आहे, तुमच्या शाळेत जाणाऱ्या मुलांच्या मेंदूतही आहे, आणि भरपूर आहे. चेतापेशी एकमेकींना निरोप देतात त्या जागी ते काम करतं. दुखण्यात होतं ते असं की, काही माळांची घडी चुकीची पडते. त्या एकमेकींना चिकटतात आणि शेजारच्या चांगल्या माळांनाही तशीच घडी घालायला लावतात. आधी बारीक गुठळ्या, मग धागे, मग पेशीच्या पोटात गोळे. फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ साली हे गोळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, म्हणून त्यांना लेवी बॉडी म्हणतात. ते कशाचे आहेत हे कळायला मात्र १९९७ साल उजाडलं. त्याच वर्षी इटलीतल्या कोन्तुर्सी गावच्या एका मोठ्या घराण्यात असं दिसलं की, पिढ्यान्‌पिढ्या पार्किन्सन होणाऱ्या माणसांच्या अल्फा-सिन्युक्लिनमध्ये ५३ व्या जागी ॲलनिनऐवजी थ्रिओनिन आलंय. १४० कळ्यांपैकी एक बदललेली. पुढे २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका घराण्यात माळ अगदी बरोबर होती, फक्त जनुकाच्या जास्तीच्या प्रती असल्यामुळे ती प्रमाणाबाहेर बनत होती, आणि तरीही दुखणं आलं. अशी घराणी थोडी. बहुतेक रोग्यांत असा एकच एक दोष सापडत नाही. पण कमी-जास्त होतं ते पेशीच्या आत, जनुकाच्या हुकमाने. स्वयंपाकघरातून त्याला हात पोचत नाही.

मेंदूच्या मुळाशी एक छोटा काळसर भाग आहे, तिथल्या पेशी डोपामिन, म्हणजे हालचालीचा निरोप नेणारं रसायन, बनवतात. या लेवी बॉडींच्या मागोमाग त्या पेशी मरत जातात. हात थरथरायला लागेपर्यंत त्यातल्या निम्म्या किंवा त्याहूनही जास्त गेलेल्या असतात. गोळी देतात ती ही डोपामिनची तूट भरायला. नुसतं डोपामिन दिलं तर ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, म्हणून लेव्होडोपा देतात. ते आत जातं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. सोबत कार्बिडोपा असतं, ते लेव्होडोपाला वाटेतच खर्च होऊ देत नाही.

आता प्रथिनांचा या दुखण्याशी खरा संबंध कुठे येतो ते सांगते. तो येतो गोळीच्या वेळेपाशी. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे दुपारची गोळी एक वाजता, पानावर बसताना असायची. पाण्याचा तांब्या जवळ असतो, विसरायला होत नाही, म्हणून. काही दिवस हे जेवून उठायचे, हात धुवायचे, ओटीवर जाऊन आरामखुर्चीत बसायचे, सगळं ठीक. काही दिवस मात्र अडीचच्या सुमाराला माजघराच्या उंबरठ्यापाशी असे थिजायचे की पाऊल उचलेना. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मी कोपराला धरून उभी, हे उंबरठ्याकडे बघत उभे, दहा-दहा मिनिटं. दुखणं वाढलं असं धरून आम्ही गोळी वाढवायचं बोलत होतो. मी शाळेतल्या सवयीने वही घातली. वेळ, गोळी, जेवण, चालणं, असे चार रकाने. तीन आठवडे झाल्यावर वही पुढे घेऊन बसले आणि दिसलं की सोमवारी कधीच थिजले नाहीत. गुरुवारीही नाहीत. आमच्याकडे सोमवार-गुरुवार शिवराक, म्हणजे मासे-मटण नाही. थिजले ते सगळे दिवस पानात सुरमई, बांगडा नाहीतर कोंबडी होती.

कारण असं आहे. लेव्होडोपा हे स्वतःच एक अमिनो आम्ल आहे. आतड्यातून रक्तात जायला आणि रक्तातून मेंदूत जायला त्याला वाहून नेणारी जी व्यवस्था आहे, तीच जेवणातल्या काही अमिनो आम्लांनाही वाहून नेते. नदीच्या तरीवर एकच होडी आणि काठावर बाजारची गर्दी. गोळी आणि सुरमई एकाच वेळी काठावर आली की गोळी मागे राहते. ती वही डॉक्टरांना दाखवली. त्यांनी गोळी जेवणाआधी पाऊण तास घ्यायला सांगितली, डोस तोच ठेवला. आता सव्वाबाराला गोळी, एकला जेवण. बांगडा पानात आहे आणि दुपारचा उंबरठा बहुतेक दिवशी ओलांडला जातो.

तेव्हा जेवणाआधी अर्धा ते एक तास गोळी चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. रिकाम्या पोटी मळमळलं तर सोबत एखादं बिस्किट नाहीतर थोडी पेज चालते, तेही विचारून घ्या. काही रोग्यांना प्रथिनांचा मोठा भाग रात्रीच्या जेवणात घ्यायला सांगतात. पण ती वाटणी असते, बंदी नव्हे. एक काळजी मात्र घ्या. गिळताना ठसका लागत असेल तर काट्याचा मासा तसाच देऊ नका, काटे तुम्ही काढा. आणि गोळी मनाने कधीही एकदम बंद करू नका, त्यातून ताप येऊन जिवावर बेतू शकतं.

सासऱ्यांना पडवीतून आत बोलवा. चाळीस वर्षं ज्याने घराला मासा आणला, त्याच्या पानातून तो काढून घेतला ही गोष्ट त्यांना किती लागली असेल, ते नणंदबाईंनाही सांगा.

प्रश्न : मॅडम, मी बारावी सायन्सला आहे. आमच्या पुस्तकात चेतासंधी आणि ॲसिटिलकोलिन आहे, पण अल्फा-सिन्युक्लिन कुठेच नाही. माझ्या आजोबांना पार्किन्सन आहे म्हणून विचारते. निरोगी माणसात हे प्रथिन काय काम करतं? आणि ते सापडलं कसं? – एक विद्यार्थिनी, दापोली

उत्तर : बाळ, तुझ्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर समुद्रात आहे.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. सकाळी रापण ओढायला सगळा वाडा किनाऱ्यावर असायचा, दोन्ही बाजूंनी दोर, आणि जाळं काठाला आलं की आम्ही पोरं बारीकसारीक मासळी वेचायला पुढे. त्यात एक गोल, चपटी, तांदळाच्या भाकरीएवढी पाकट वाळूत पडली होती. शेपटीला काटा दिसला नाही म्हणून मी ती दोन्ही हातांनी उचलली. कोपरापर्यंत असा झटका बसला की ती हातातून उडाली आणि मी वाळूत बसले. बोटं बराच वेळ माझी नव्हतीच. दोर ओढणारा एक म्हातारा ओरडला, "हात लावू नको गो, ती झिणझिणी मारता!" आपल्या किनाऱ्याला वीज मारणाऱ्या पाकटींच्या लहान जाती आहेत, ती त्यातलीच असणार.

या माशांच्या अंगात, डोक्याच्या दोन्ही बाजूंना, विजेचं इंद्रिय असतं. ते स्नायूंपासूनच घडलेलं असतं, आणि त्यात चेतातंतूंची टोकं इतकी दाटीवाटीने असतात की चेतासंधीचा, म्हणजे चेतापेशी निरोप देतात त्या जागेचा, अभ्यास करणाऱ्याला ती खाणच. आपल्या मेंदूत ज्या वस्तू चिमूट-चिमूट मिळतात त्या इथे ओंजळीने मिळतात. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड शेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅसिफिक महासागरातल्या टॉर्पेडो कॅलिफॉर्निका या मोठ्या पाकटीचं हे इंद्रिय घेतलं, त्यातल्या निरोपाचं रसायन भरलेल्या बारीक पिशव्या वेगळ्या केल्या आणि त्यांच्याभोवतीची प्रथिनं शोधली. १९८८ साली त्यात हे नवं प्रथिन मिळालं. चेतासंधीपाशी दिसलं म्हणून 'सिन', आणि पेशीकेंद्राच्या कडेलाही दिसलं म्हणून 'न्युक्ल'. दोन्ही मिळून सिन्युक्लिन. त्या वेळी या प्रथिनाचा कंपवाताशी काही संबंध असेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ते कळायला नऊ वर्षं गेली.

आता काम. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी. एक पेशी दुसरीला चिकटलेली नसते, मध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट असते. मुलींना मी हे धक्क्यावर नेऊन शिकवायचे. पेशीच्या टोकाशी बारीक पिशव्या असतात, तुमच्या पुस्तकात त्यांना पुटिका म्हटलंय. त्यात डोपामिन किंवा ॲसिटिलकोलिन भरलेलं. विजेचा इशारा आला, कॅल्शियम आत शिरलं, की पिशवी पेशीच्या कडेला लागते, फुटते आणि माल फटीत सांडतो. समोरच्या पेशीने तो झेलला की निरोप पोचला. पण होडी धक्क्याला आपोआप लागत नाही. दोर फेकावा लागतो, कोणीतरी तो खेचून धरावा लागतो. हे दोर म्हणजे स्नेअर नावाची प्रथिनं. आणि अल्फा-सिन्युक्लिन धक्क्यावर उभा असलेला गडी आहे. तो होड्या धक्क्याजवळ राखून ठेवतो आणि दोर नीट गुंफायला हात लावतो. दोर गुंफण्याचं हे काम २०१० साली थॉमस झ्यूडहोफ यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. पिशव्यांची ही सगळी वाहतूक उलगडली म्हणून २०१३ मध्ये नोबेल मिळालेल्या तिघांत ते होते.

आणखी एक गोष्ट तुला आवडेल. अल्फा हेलिक्स आणि बीटा शीट, म्हणजे प्रथिनाच्या माळेचा मळसूत्रासारखा पीळ आणि सपाट घडी, तुम्ही शिकता ना? हे प्रथिन पेशीच्या पाण्यात मोकळं असताना त्याला ठरलेला आकारच नसतो, सोडलेल्या दोरासारखं ते लोळत असतं. पिशवीच्या पापुद्र्याला टेकलं की त्याची अल्फा हेलिक्स होते आणि ते कामाला लागतं. गुठळ्यांमध्ये त्याची जी घडी असते ती बीटा शीटची. एकच माळ, एका घडीत गडी आणि दुसऱ्या घडीत गाठ. मला हे पहिल्यांदा वाचताना अंगावर काटा आला होता, कारण ते वाचत होते तेव्हा हे समोर बसून शर्टाचं बटण लावायचा प्रयत्न करत होते.

उंदरांतून हे जनुक पार काढून टाकलं तर काय होतं? तर उंदीर जगतात आणि वरवर बरे दिसतात. कारण याची दोन भावंडं आहेत, बीटा आणि गामा. तिन्ही काढली की मात्र उंदीर म्हातारे होताना चेतासंधीचं काम बिघडतं. म्हणून "हे प्रथिन मेंदूतून काढूनच टाकूया" असा उपाय दिसतो तेवढा सरळ नाही. संशोधन चालू आहे ते गुठळी होऊ न देण्यावर आणि झालेली उचलण्यावर. तू हा विषय पुढे घेतलास तर मला फार आनंद होईल. आजोबांच्या शेजारी बसून त्यांना ही पाकटीची गोष्ट नक्की सांग.

प्रश्न : कंपवातावर खाजकुइलीच्या बिया चालतात असं आमच्या वाडीतले एक जण सांगतात. आमच्या कुंपणाला वेल आहेच. आईला गोळ्या चालू आहेत, सोबत बियांची पूड दिली तर चालेल का? – एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : तुमच्या वाडीतल्या माणसाचं म्हणणं खोटं नाही. खाजकुइलीच्या बीमध्ये लेव्होडोपा आहे, म्हणजे गोळीत असतं तेच औषध. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी ते या बियांतून वेगळं काढलं, मेंदूत डोपामिन कमी पडतं हे जगाला कळायच्या वीस-पंचवीस वर्षं आधी. आयुर्वेदात कपिकच्छू म्हणून ही वनस्पती आहे. २०१७ साली बोलिव्हियात १८ रोग्यांवर शास्त्रशुद्ध तुलना झाली, तेव्हा बियांच्या पुडीनेही हालचाल सुधारल्याचं दिसलं.

आणि नेमकं म्हणूनच आईला गोळीसोबत ती देऊ नका. औषध तेच, मग डोस दुप्पट झाला की चौपट हे कोण मोजणार? एका वेलाच्या बीत जेवढं लेव्होडोपा असतं तेवढं दुसऱ्या वेलाच्या बीत नसतं. जास्त झालं की हात-मान आपोआप वळवळायला लागतात, उलट्या होतात, उभं राहिल्यावर रक्तदाब एकदम उतरतो, नसलेली माणसं दिसतात. द्यायचीच असेल तर आईच्या डॉक्टरांना सांगून, त्यांनी गोळ्यांचा हिशेब नव्याने मांडून दिल्यावर. लपवून मुळीच नको. पूड काय किंवा गोळी काय, दोन्ही डोपामिनची तूट भरतात, सिन्युक्लिनच्या गुठळ्यांना त्या थोपवत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

शेंगा काढताना वारा जिकडून येतो तिकडे पाठ ठेवा, लव डोळ्यात गेली तर फार हाल होतात.

प्रश्न : आमची हापूसची बाग आहे. मोहोरावर फवारणी करणाऱ्या गड्यांपैकी एकाला साठीत कंपवात झाला. फवारणीमुळे असेल का? – एक बागायतदार, राजापूर तालुका

उत्तर : एका माणसाच्या बाबतीत अमुक फवारणीने झालं असं छातीठोक सांगता येत नाही. पण तुमची शंका रास्त आहे. पॅराक्वाट हे तणनाशक आणि रोटेनोन हे कीटकनाशक, या दोघांचा पार्किन्सनशी संबंध शेतीत राबणाऱ्यांच्या पाहण्यांत दिसलाय. २००० साली उंदरांना रोटेनोन दीर्घकाळ थोडं थोडं दिलं तेव्हा त्यांच्या मेंदूत डोपामिनच्या पेशी मेल्या आणि सिन्युक्लिनच्या गुठळ्याही झाल्या. तुडतुड्यांसाठी तुम्ही मारता ती औषधं बहुतेक वेगळी असतात, तरी डब्यावरचं नाव वाचा. गड्यांना तोंडाला नुसता रुमाल बांधायला लावू नका, नीट मुखवटा आणि हातमोजे द्या, आणि फवारणी झाल्यावर कपडे बदलून अंघोळ केल्याशिवाय जेवायला बसू देऊ नका. त्या गड्याच्या औषधाचा खर्च बागेने उचलावा असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : ताई, माझे वडील ६४ वर्षांचे, किराणा दुकान चालवतात. हात थरथरत नाही. पण चार-पाच वर्षं झोपेत ओरडतात, लाथा मारतात, आई आता वेगळ्या खोलीत झोपते. अलीकडे अक्षर फार बारीक झालंय, गिऱ्हाइकांना उधारी वाचता येत नाही. सोबत हिशेबाच्या वहीची दोन पानं पाठवतोय, एक सात वर्षांपूर्वीचं, एक गेल्या महिन्यातलं. घरचे म्हणतात वय झालं. – एक वाचक, कुडाळ

उत्तर : दादा, ही दोन पानं माझ्यासमोर ठेवूनच लिहिते आहे. जुन्या पानावर 'साखर' शब्द अर्ध्या ओळीएवढा उंच, शिरोरेघ ठसठशीत. नव्या पानावर ओळीच्या सुरुवातीला अक्षर बरं आहे आणि उजवीकडे जाता जाता ते मोहरीएवढं होत जातं. शेवटचे आकडे मला भिंग घेऊन वाचावे लागले.

आमच्याकडेही सुरुवात हाताच्या थरथरीने झाली नाही. सुरंगीचा हंगाम होता, फेब्रुवारीचे शेवटचे दिवस. मी बाजारातून वळेसार आणला होता आणि तो आणला की अंगणापर्यंत दरवळ सुटतो. ह्यांच्या पुढ्यात धरला, तर म्हणाले, "अगो, माका कसलोच वास येणा नाय." मी थट्टा समजले. मग लक्षात आलं, बांगड्याच्या तिखल्यात मी तिरफळं घालायची विसरले होते आणि ह्यांनी ते ओळखलं नव्हतं. पूर्वी दारातून आत येतानाच विचारायचे, आज तिरफळं नाहीत काय म्हणून. वास गेला, पुढे वर्षभराने बद्धकोष्ठ, मग झोपेत हातवारे. यातलं काही आम्ही कोणाला सांगितलं नाही, कारण ही एकाच दुखण्याची पावलं आहेत हे मला, जीवशास्त्राच्या बाईला, ठाऊक नव्हतं. नंतर उजवा खांदा धरला. एका दवाखान्यात आठ महिने खांद्यालाच शेक आणि व्यायाम दिले. बरोबर चालताना तो हात हलत नाही, नुसता लोंबतो, हे ना त्यांनी पाहिलं ना मी. त्या आठ महिन्यांची हळहळ मला अजून वाटते.

या क्रमामागे कारण आहे. जर्मनीतले हायको ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मांडलं की बऱ्याच रोग्यांत सिन्युक्लिनच्या गुठळ्या आधी वासाच्या केंद्रात आणि मेंदूच्या बुंध्यात दिसतात, आतड्याच्या चेतांतही सापडतात, आणि डोपामिनच्या काळसर भागापर्यंत नंतर पोचतात. सगळ्यांचं असंच होतं असं नाही. पण वास आणि पोट आधी, हात नंतर, याचा अर्थ त्यातून लागतो. झोपेचंही तसंच. स्वप्न पडत असताना मेंदूचा बुंधा हातापायांना कुलूप घालतो, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणात पडून असतो. ते कुलूप बिघडलं की माणूस स्वप्न जगायला लागतो, ओरडतो, लाथा मारतो. असं होणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच जातीचा दुसरा आजार होतो.

तुमच्या वडिलांना तोच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. वास सर्दीने जातो, कोविडनेही गेला होता. पण झोप आणि अक्षर ही दोन्ही एकत्र आली असताना "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा. पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात चुकीच्या घडीचं सिन्युक्लिन ओळखणारी एक चाचणी निघाली आहे आणि २०२३ मध्ये तिची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, पण आजही निदान मुख्यतः डॉक्टर माणसाला चालवून, लिहायला लावून, हात फिरवून बघतात त्यावरच होतं. ते तालुक्याच्या गावातही होऊ शकतं.

जाताना आईला सोबत न्या. रात्रीचं तिनेच पाहिलंय, वडील झोपेत होते. आणि वडील सध्या घेतात त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. चक्कर आणि उलटी थांबवणाऱ्या काही गोळ्या डोपामिनला अडवतात आणि त्यांनी हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणं येतात. तसं असेल तर डॉक्टर गोळी बदलतील आणि काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, अक्षर परत मोठं होऊ शकेल.

वहीची दोन्ही पानं पाकिटातून परत पाठवली आहेत. मागच्या बाजूला तारखा लिहून ठेवल्यात. डॉक्टरांपुढे ती शेजारी शेजारी ठेवा, जुनं डावीकडे.